दहा हजार येनचा फरक

गणिताचे सर रजेवर होते म्हणून सातवीचा तास माझ्या वाट्याला आला. फळ्यावर नफा-तोट्याची उदाहरणं होती. मी भाषेचा शिक्षक. आधी मुलांना सांगितलं की नफा आणि नुकसान हे दोन्ही शब्द अरबीतून आपल्याकडे आले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मुद्दाम तोट्यात कोण विकतं?"

मला निन्टेन्डोची गोष्ट आठवली.

क्योटोची ही कंपनी 1889 साली पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली. 26 फेब्रुवारी 2011 रोजी तिने जपानमध्ये 'थ्रीडीएस' हे हातात धरून खेळायचं यंत्र 25,000 येनला बाजारात आणलं. दोनच आठवड्यांत मोठा भूकंप आणि त्सुनामी आली. पण अडचण तेवढीच नव्हती. लोकांनी विकत घ्यावेत असे खेळच त्या यंत्रासाठी फारसे तयार नव्हते. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जगभरात जेमतेम 7 लाख 10 हजार यंत्रं खपली.

11 ऑगस्टपासून किंमत थेट 15,000 येन झाली. नवं यंत्र, सहा महिनेही झालेले नाहीत आणि 40 टक्के कपात! आता प्रत्येक यंत्र बनवायच्या खर्चापेक्षा कमी किमतीत जात होतं. या धंद्यात यंत्रावर सोसायचं आणि खेळांच्या विक्रीतून भरून काढायचं, ही रीत जुनीच आहे. निन्टेन्डो मात्र सहसा त्या वाटेला जात नसे.

मला यात धंद्याच्या हिशेबापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांनी पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून पूर्ण किंमत मोजली, त्यांचं काय? विश्वास ठेवणाराच फसला, अशी त्यांची भावना होणार. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी या ग्राहकांची जाहीर माफी मागितली आणि त्यांना वीस जुने खेळ मोफत दिले. त्यातले दहा असे होते की ते त्या यंत्रावर नंतर कुणालाही विकत मिळाले नाहीत. स्वतःचा ठराविक पगार इवातांनी निम्मा केला, इतर संचालकांचाही 20 ते 30 टक्के कापला. आपल्याकडे तोटा झाला की कात्री आधी कुणावर चालते, हे वेगळं सांगायला नको.

मार्च 2012ला संपलेल्या वर्षात कंपनीला 4,320 कोटी येनचा तोटा झाला. दरम्यान मारिओचे दोन नवे खेळ आले, खप वाढला, आणि कपातीनंतर सुमारे वर्षभराने यंत्र तोट्यात विकायची वेळ संपली. 2020मध्ये उत्पादन थांबलं तोवर साडेसात कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली होती. इवाता 2015 सालीच वारले.

मुलांना गोष्ट आवडली. ते वीस खेळ मिळण्यासाठी एक अट होती, तीही मी सांगितली: किंमत उतरण्याआधी यंत्र एकदा तरी इंटरनेटला जोडून कंपनीचं ऑनलाइन दुकान उघडलेलं हवं.

"आणि ज्याच्या घरी इंटरनेट नव्हतं, सर?" त्याच बाकावरून प्रश्न आला.

त्याला काही मिळालं नाही, मी म्हणालो.