रविवार कुणी मिळवून दिला?

रविवारची सुट्टी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुणीतरी भांडून मिळवली असेल हे आपल्या मनातही येत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरच्या घराण्यातले नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे गेला. मागण्या साध्याच होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार आणि अपघात झाला तर मदत. लोखंड्यांची 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' तेव्हाचीच. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

नवल असे, की या संस्थेपाशी ना सभासदांची नोंदवही होती, ना निधी, ना नियमावली. त्यामुळे तिला कामगार संघटना म्हणावे की नाही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

देशभरच्या संघटनांना एकत्र यायला आणखी तीस वर्षे लागली. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली. तिच्या पहिल्या परिषदेला कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले खरे, पण त्यांना नेमले होते सरकारने. आपला प्रतिनिधी आपणच ठरवायचा, तर देशपातळीवरची संस्था हवी होती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत 'आयटक' जन्माला आली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष.

हे घर फार काळ एकत्र नांदले नाही. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात फूट पडली आणि खुद्द जोशी बाहेर पडले. पुढे १९४७ मध्ये इंटक, १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ, १९७० मध्ये सीटू अशा वेगळ्या चुली मांडल्या गेल्या. झेंडे वाढले, तशी कामगाराची ताकद वाटली गेली.

आता आपल्या इंदापूर-बारामतीकडे पाहू. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत कामगाराला हजेरीपट आहे, संघटना आहे, आठवड्याची सुट्टी आहे. फाटकाबाहेर, उसाच्या फडात मात्र बीडकडून आलेले जोडपे टनावर राबते. त्यांचा हिशेब मुकादमाकडे, अंगावर उचल. एक दिवस अंग टाकले, की खाडा लागतो. तोडणी कामगारांच्याही संघटना झाल्या, संप झाले, दर वाढले. पण रविवार काही फडापर्यंत पोचला नाही.

कोणता महासंघ मोठा, ही मोजदाद खुशाल चालू दे. नोंदवही नसलेल्या एका संस्थेने आपल्याला रविवार मिळवून दिला. आज ज्यांचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, त्यांच्यासाठी तो कोण मागणार, एवढेच मला विचारायचे आहे.