उपऱ्यांची नगरे

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले तेव्हा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही साष्टी बेटावरील गावेच होती, आणि त्या ग्रंथाच्या संपादकांनी या मुलुखातील मिठागरे, भातशेती, ताडाची झाडे आणि कोळ्यांची मासेमारी यांची नोंद मोठ्या साक्षेपाने करून ठेवली. आजच्या उपनगरांचे तसे दफ्तर लिहावयास उद्या कोणी बसला, तर एका धंद्याचे नाव त्याच्या हातून सुटू नये अशी माझी फार इच्छा आहे. तो धंदा उणीपुरी वीस वर्षे जगला. त्याला गिरण्यांसारखे भोंगे नव्हते, की मिठागरांसारख्या जमिनी नव्हत्या. स्टेशनापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी किंवा शिकवणीच्या वर्गाखाली, दहा-बारा संगणक, तितक्याच प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दारावर ‘सायबर कॅफे’ अशी पाटी, एवढाच त्याचा सरंजाम असे. परंतु त्या खुर्च्यांवर बसून उपनगरांतील तरुणांच्या एका पिढीने जी नगरे वसविली, ज्यांत व्यापार केला, किल्ले लढविले आणि आयुष्यभराचे स्नेह जोडले, त्या नगरांचा आज कोठेही मागमूस नाही.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकांना इंटरनेट खुले केले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत देशातील पहिला सायबर कॅफे निघाला. आरंभी ही चैन धनिकांचीच होती. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत जे खाते मिळे, त्यातून पडद्यावर केवळ अक्षरे उमटत, चित्रे नव्हेत. पण ही नगरे ज्यांत वसली त्या, इंटरनेटवर अनेकांनी एकत्र खेळावयाच्या खेळांचा मूळपुरुषही निव्वळ अक्षरांचाच होता. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली ‘मड’ नावाचे जे जग रचावयास घेतले, त्यात गुहा, पूल आणि राक्षस हे सारे शब्दांनीच उभे केलेले असत, आणि त्याच गुहेत त्याच क्षणी दुसरा एखादा जिवंत माणूस दूर कोठे तरी बसून वावरत असे. यंत्राशी खेळण्याचे खेळ तोवर पुष्कळ झाले होते. यंत्राच्या आत माणसाची गाठ पडते, ही गोष्ट नवी होती, आणि पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज तिच्यात आहे.

शतक पालटता पालटता कॅफेचा दर उतरला आणि तासाला वीस-तीस रुपयांत कॉलेजच्या मुलालाही खुर्ची मिळू लागली. त्याच सुमारास कोरियात, १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर, गल्लोगल्ली निघालेल्या खेळघरांच्या आधारावर या जातीच्या खेळांचा मोठा उद्योग उभा राहिला होता. ली म्युंग-जिन या चित्रकाराच्या चित्रकथेवरून ग्रॅव्हिटी कंपनीने रचलेला ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ हा खेळ तेथे २००२ मध्ये सुरू झाला आणि २००४ च्या सुमारास ‘लेव्हल अप’ या कंपनीने तो भारतात आणला. त्यामागोमाग ‘सिफी’ने आपल्या ‘आयवे’ कॅफेंच्या जाळ्यावर ‘ए-थ्री’ नावाचा दुसरा कोरियन खेळ उतरविला.

ज्यांनी ‘रॅग्नारॉक’ पाहिला नाही त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगतो. खेळाडू प्रथम उमेदवार म्हणून दाखल होतो. काही काळ गुलाबी, लिबलिबीत, निरुपद्रवी प्राण्यांशी झुंजून अनुभव जमा करतो. मग तलवारबाज, मांत्रिक, धनुर्धर, चोर, साधक किंवा व्यापारी यांपैकी एक पेशा पत्करतो आणि त्या पेशात पायरीपायरीने चढत जातो. ही चढण किती खडी होती याची कल्पना एका गोष्टीवरून यावी: राक्षसाला मारल्यावर त्याचे दुर्मीळ ‘कार्ड’ हाती लागण्याचा संभव दहा हजारांत एक-दोन इतकाच असे. व्यापाऱ्याची गंमत निराळी. तो राजधानी प्रॉन्टेराच्या चौकात हातगाडी लावून, माल मांडून, तासन्‌तास बसून राही. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांच्या रांगा रोज पाहणाऱ्या मुलांना तो चौक परका वाटण्याचे कारणच नव्हते.

आता हा खेळ यशस्वी कशाने झाला? चित्रे गोड होती, संगीत मधुर होते, हे खरे. पण तितकी चित्रे आणि तितके संगीत असलेले पुष्कळ खेळ विस्मरणात गेले आहेत. बार्टल यांनीच १९९६ मध्ये एका निबंधात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: कोणी पराक्रम जोडावयास येतो, कोणी प्रदेश धुंडाळावयास, कोणी माणसांच्या संगतीसाठी आणि कोणी दुसऱ्याला छळावयास, आणि या चौघांचे प्रमाण बिघडले की जग ओस पडू लागते. आमच्या कॅफेत हे चारही एकाच बाकावर बसत. परंतु मला स्वतःला सर्वांत विचार करावयास लावतो तो साधक. त्याच्या हातून शत्रू फारसे मरत नाहीत. इतरांच्या जखमा भरणे एवढेच त्याचे काम. गौरव दुसऱ्याच्या नावे जमा होणार हे ठाऊक असूनही सोळा-सतरा वर्षांची मुले हा पेशा का पत्करीत? माझे उत्तर असे, की ज्याची जखम भरावयाची तो शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असे, आणि “अरे, सांभाळ, मी मरतोय!” ही त्याची आरोळी यंत्रातून नव्हे, प्रत्यक्ष कानावर येत असे. खेळाने माणसाला माणसाची गरज निर्माण केली आणि कॅफेने त्या गरजेला चेहरा दिला.

उपनगरांच्या रचनेचाही यात वाटा आहे. दीड-दोन खोल्यांच्या घरात, जेथे अभ्यास, झोप, पाहुणे आणि टीव्ही एकाच जागी नांदत, तेथे तरुण मुलाला मित्रांसह बसावयास जागा ती कोणती? आणखी एक गोष्ट परगावच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आडवा पसरला आहे. पाखराला ते अंतर काहीच नाही, पण माणसाला पश्चिम रेल्वेने दादरला उतरून, मध्य रेल्वेची गाडी पकडून, उलट वर जावे लागे. वर्सोवा, अंधेरी आणि घाटकोपर यांना जोडणारी मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, तोवर पूर्व आणि पश्चिम उपनगरे ही जणू दोन परगणे होती. त्या काळात बोरिवलीचा तलवारबाज आणि मुलुंडचा साधक एका गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, एका किल्ल्याच्या तटाखाली, रोज संध्याकाळी खांद्याला खांदा लावून उभे राहत, आणि महिन्यातून एकदा दादरच्या पुलावर भेटून एकमेकांची खरी नावे विचारीत. डोंगर या खेळाने ओलांडला.

अडचणींना तोटा नव्हता. ऑक्टोबर २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसच्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ अशी पदवी दिली, आणि जानेवारी २००५ मध्ये महानगर टेलिफोन निगमाने ‘ट्रायबँड’ सुरू केला. हा वेग एका घरासाठी होता, दहा खुर्च्यांच्या कॅफेसाठी नव्हे. तलवार उगारावी आणि ती शत्रूवर पडेपर्यंत आपणच मरून जावे, या अवस्थेला मुले ‘लॅग’ म्हणत, आणि हा शब्द शिव्यांच्या जोडीनेच उच्चारला जाई. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची, म्हणून भारनियमनाची झळ तेथे लागे आणि अंधेरी-बोरिवलीला ती लागत नसे. ऐन लढाईत मुलुंडचे साथीदार एकाएकी दिसेनासे झाले की तिकडची वीज गेली, हे बोरिवलीकरांना न सांगता कळे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, आणि तळमजल्यावरच्या दुकानांत शिरलेल्या पाण्याने संगणकांचीही गय केली नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळावरच्या तारा तुटल्या आणि भारताचे इंटरनेट लुळे पडले. देशात येणाऱ्या अशा अनेक तारा अंधेरीच्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर भूमीला लागतात.

आणि तरीही माझा अनुभव असा, की या कोणत्याही कारणाने खेळाडू खेळावर रुसला नाही. पाऊस, वीज आणि तारा यांना मुंबईकर क्षमा करतो. ज्याला त्याने क्षमा केली नाही ते वेगळेच होते. मेहनतीने चार महिन्यांत जे मिळवावे ते दुसऱ्याने ‘बॉट’ लावून, म्हणजे यंत्राकडूनच खेळ खेळवून घेऊन, झोपेत मिळवावे आणि चालकांनी तिकडे डोळेझाक करावी. पैसे मोजणाऱ्याला श्रमावाचून तलवार विकत मिळावी. आणि शेवटी एके दिवशी, पुरती सूचनाही न देता, सर्व्हर बंद व्हावा. भारतातील या खेळांची पहिली केंद्रे काही वर्षांतच बंद पडली. मी ज्या खेळात रमलो होतो त्याचे दार असे मिटले, तेव्हा आमच्या कॅफेतील एका मित्राने, ज्याने आपल्या गिल्डच्या सभासदांची नावे, त्यांचे पेशे आणि देणीघेणी शाळेच्या शंभरपानी वहीत टिपून ठेवली होती, ती वही मिटून दप्तरात घातली आणि तो काही न बोलता घरी गेला. त्याची हानी कोणती, हे तेव्हा मला नीट सांगता आले नसते. आज सांगता येते, आणि त्यासाठी शब्द आपल्याच जुन्या दफ्तरांत सापडतात.

मराठेशाहीच्या गावगाड्यात जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरागत; दुष्काळाने परागंदा झालेला मिरासदार कैक वर्षांनी परतला तरी तो आपली मिरास मागू शके. उपरी हा बाहेरून आलेला; तो कौलाने जमीन करी, घामही तितकाच गाळी, पण जमिनीवर त्याचा कायम हक्क नसे. या खेळांतील प्रजा मिरासदाराच्या निष्ठेने राबते आणि तिची सनद मात्र उपऱ्याची असते. जोवर मालक तिला मिरासदारासारखे वागवितो तोवर जग भरभराटते. तिला आपण उपरी आहोत हे ज्या दिवशी कळते, त्या दिवशी ते ओसरू लागते. यश आणि अपेक्षाभंग यांचा निवाडा मी याच कसोटीवर करतो.

अमेरिकेतील ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या खेळात शिंपी, स्वयंपाकी, पशुपालक असे तीसहून अधिक पेशे होते. नोव्हेंबर २००५ मध्ये चालकांनी एका फर्मानासरशी ते नऊवर आणले, पशुपालकांचा पेशा तर समूळ नाहीसा केला, आणि रयतेचा जो विश्वास उडाला तो १५ डिसेंबर २०११ ला खेळ बंद होईपर्यंत परत आला नाही. याउलट जपानचा ‘फायनल फँटसी फोर्टीन’ २०१० मध्ये इतका सदोष निघाला, की चालकांना जाहीर क्षमा मागावी लागली. त्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये कथेतील एक चंद्र कोसळवून ते सारे जग भस्म केले आणि २०१३ मध्ये नवे उभारले, पण जुन्या प्रत्येक खेळाडूची पात्रे जपून नव्या जगात आणली. गाव जाळले आणि दफ्तर राखले. तो खेळ आजही नांदतो आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा नोव्हेंबर २००४ मध्ये निघालेला खेळ या जातीचा चक्रवर्ती खरा. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. भारतात त्याचे केंद्र कधीच नव्हते. दरमहा डॉलरमध्ये वर्गणी भरावयास क्रेडिट कार्ड हवे, ते कॉलेजच्या मुलाजवळ कोठून येणार? डिसेंबर २००९ मध्ये त्याने अशी सोय केली, की साथीदार शोधण्याचे काम यंत्रच करील. सोय मोठी होती. परंतु ज्याच्याशी पुन्हा गाठ पडावयाची नाही अशा अनोळखी माणसाची जखम कोण मनापासून भरणार? पुढे जुन्या, गैरसोयीच्या खेळाची आस इतकी बळावली, की खेळाडूंनी स्वतःच चालविलेले विनापरवाना सर्व्हर हजारोंनी भरू लागले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मूळ कंपनीलाच तो जुना खेळ जसाच्या तसा पुन्हा सुरू करावा लागला. आपल्याकडेही ‘रॅग्नारॉक’चे खेळाडू अशाच खाजगी सर्व्हरांवर विखुरले. कायद्याने ते चुकीचे होते. पण परागंदा मिरासदाराने गावाची आठवण काढावी, यात मला पाप दिसत नाही.

कॅफेचा अंत झपाट्याने झाला. २०११ च्या नियमांनी आडोशाची उंची साडेचार फुटांवर आणली आणि येणाऱ्या प्रत्येकाची नोंदवही वर्षभर जपण्याचे बंधन घातले. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला, की खुर्ची भाड्याने घेण्याचे प्रयोजनच सरले. मग खेळ हातातल्या फोनवर आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली तेव्हा लक्षावधी मुलांना आपण उपरी असल्याचे प्रथमच कळले, आणि २०२१ मध्ये त्याच्या भारतीय अवताराने जुनी खाती नव्या खेळात वळवून घेऊ दिली, तेव्हा ती परत आली ती बव्हंशी त्या एका सवलतीमुळे, असे माझे मत आहे.

ज्या जागी आमचा कॅफे होता तेथे आज मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. सर्व्हर गेले, त्यांवरची पात्रे गेली. राहिले आहे ते केवळ कागदावर. म्हणून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे, की घरच्या माळ्यावर एखादी गिल्डची वही, खरवडलेले रिचार्ज कार्ड किंवा कॅफेची पावती सापडली, तर ती रद्दीत घालू नका. तिच्यावर साल आणि कॅफेचा पत्ता लिहा आणि जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या.