पेचकस करणारे हात

जयगडच्या बंदरात मचवा दुरुस्त करणारा सुतार आपण पाहिला असेल. नाळेकडच्या सांदीत पेचकस सरळ धरता येत नाही, आणि तिरका धरला की तो स्क्रूच्या खाचेतून निसटतो. तेथे फार तर फळीला ओरखडा पडतो. मोडलेल्या हाडावर पट्टी बसविताना तोच निसटला तर शेजारच्या शिरेवर किंवा मज्जातंतूवर जातो.

सुश्रुताने १०१ यंत्रे सांगून हात हे त्यांतील प्रधान यंत्र मानले, आणि शस्त्रे जाणत्या लोहाराकडून करून घ्यावी असे सांगितले. त्या लोहाराचे नाव मात्र आपल्यापर्यंत आलेले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे आर्बथनॉट लेन लांब दांड्यांची हत्यारे वापरीत. जखमेला बोट लागता कामा नये, हा त्यांचा दंडक. अँटवर्पचे आल्बिन लाम्बोट स्वतःच हत्यारे घडवीत. हे गृहस्थ व्हायोलिनही बनवीत! परंतु आडवी खाच होती तोवर पेचकस निसटण्याची भीती होतीच.

१९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये १३ शल्यचिकित्सकांनी अस्थिभंगाच्या अभ्यासासाठी मंडळ स्थापिले. त्यांतील मॉरिस म्यूलर यांनी हत्यारांसाठी बेत्लाख गावचा यंत्रकारागीर रॉबर्ट माथिस याला गाठले. त्यांच्या स्क्रूच्या डोक्यात षट्कोनी खळगा आला. पेचकसाचे टोक त्यात चपखल बसते, दाबून धरावे लागत नाही, बाजूला सरकत नाही. खोल जागी, नजर पोचत नाही तेथेही, हाताला पकड कळते. स्क्रू वाटेत गळू नये म्हणून त्याचे डोके धरून ठेवणारी नळीही पेचकसावर चढविता येते. माथिसचे नाव इतिहासात राहिले, हे मला मोठे वाटते.

सगळ्यांत अडचणीची जागा जबड्याची. पूर्वी मागच्या भागाशी पोचण्यास बाहेरून त्वचा कापीत. तेथे चेहऱ्याचा मज्जातंतू जपावा लागे. आता काटकोनी पेचकस तोंडातून आत जातो. मूठ बाहेर फिरते आणि टोकाशी असलेली दोन बारीक दंतचक्रे ते फिरणे आडवे वळवून स्क्रूपर्यंत नेतात.

आमच्या संघटनेतील एका खलाशाचा जबडा दोराच्या झटक्याने मोडला होता. तो असाच जोडला गेला. गालावर वण नाही. बरा झाल्यावर त्याने डॉक्टरांकडे ते हत्यार पाहावयास मागितले. बराच वेळ मूठ फिरवीत राहिला, आणि विचारले, "हे केले कोणी?" डॉक्टरांना सांगता आले नाही.