वाघांची गणती ही जंगलाची गुणपत्रिका नव्हे

दर चार वर्षांनी व्याघ्रगणनेचे आकडे जाहीर होतात आणि त्यांवरून अभयारण्यांची प्रतवारीही ठरून जाते. २००६ मध्ये देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज होता, २०२२ मध्ये तो ३,६८२ वर गेला. वाघ वाढले, म्हणजे व्यवस्थापन उत्तम. मंत्र्यांपासून सफारीच्या जिप्सीत बसलेल्या पर्यटकापर्यंत सगळे हाच निष्कर्ष काढतात. या मताला आधार नाही असे नाही. वाघ अन्नसाखळीच्या शेंड्यावर आहे. तो टिकला तर सांबर-चितळ टिकले, त्यांचे गवत आणि पाणीही टिकले, असे म्हणता येते. दिशादर्शक म्हणून हे मला मान्य आहे. पण जंगल सांभाळणाऱ्यांच्या कामाचे माप म्हणून ते साफ चुकीचे आहे.

सरिस्क्याचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. पाऊलठशांच्या गणतीनुसार २००४ पर्यंत तिथे डझनाहून अधिक वाघ होते. २००५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने शोध घेतला तेव्हा एकही उरला नव्हता. आता कॅमेरा ट्रॅप आले, गणती पुष्कळच विश्वासार्ह झाली, असे उत्तर मिळते आणि ते खरेही आहे. म्हणून आकडा अचूक आहे असे धरूनच पुढचा विचार करू.

ब्रह्मपुरी वनविभागाचा बहुतांश भाग ना राष्ट्रीय उद्यान आहे, ना अभयारण्य. तरी तिथे वाघ मोठ्या संख्येने राहतात, पिल्लेही वाढवतात, कारण ते जंगल ताडोब्याला लागून आहे. उलट २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वर्षानुवर्षे वाघाचे दर्शन दुर्मीळच राहिले. कोयना-चांदोलीला वाघ यायचे ते कर्नाटकातल्या काळीच्या जंगलातून, गोवा-तिलारी-राधानगरीच्या पट्ट्याने. त्या वाटेवरच्या म्हादई अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषबाधेने मेले. चांदोलीतल्या वनरक्षकाने रात्रंदिवस गस्त घातली तरी ही वाट त्याच्या हातात नाही. मग वाघांच्या आकड्यावरून ब्रह्मपुरीला शाबासकी आणि चांदोलीला नापास ठरवणे कोणत्या न्यायात बसते?

काही जण म्हणतात, आकडा सोडा, नियम कडक पाळले जातात का ते पाहा. भरतपूरच्या केवलादेव उद्यानाने या मताचेही उत्तर देऊन ठेवले आहे. १९८२ मध्ये तिथे गुराढोरांना पूर्ण बंदी झाली. बंदीला विरोध झाला, गोळीबारात माणसे मेली. आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले ते असे: म्हशी चरायच्या थांबल्या आणि उथळ पाण्यात गवत बेसुमार माजले. मोकळे पाणी आक्रसत गेले, पाणपक्ष्यांची चरण्याची जागा घटली. नियम काटेकोर पाळला गेला होता, पण ज्यांच्यासाठी तो केला त्यांचेच नुकसान झाले. सतत निरीक्षण चालू होते म्हणून तरी हे कळले. माझ्या मते व्यवस्थापनाची खरी कसोटी हीच आहे. आपल्या निर्णयाचा परिणाम तपासायची सोय उद्यानाने ठेवली आहे का, आणि परिणाम उलटा निघाला तर निर्णय बदलायची तयारी आहे का?

वाघ न मोजता काम तपासायची पद्धत आपल्याकडे २००६ पासून आहे. व्यवस्थापन परिणामकारकता मूल्यमापनात जंगलाची स्थिती, नियोजन, साधने, कार्यपद्धती, झालेले काम आणि अंतिम परिणाम अशा सहा अंगांनी तपासणी होते. २०२२ च्या फेरीत ५१ व्याघ्र प्रकल्पांना सरासरी ७८ टक्क्यांवर गुण मिळाले. १२ प्रकल्प सर्वोत्तम श्रेणीत आले. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. प्रत्येक निकषाला अडीच ते दहा गुण देतात आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करतात. त्यामुळे वनरक्षकांची पदे रिकामी असल्याने गेलेले गुण पर्यटकांच्या माहिती केंद्रामुळे भरून निघू शकतात. जंगलात तसे भरून निघत नाही. मोहफुलांच्या हंगामाआधी, फेब्रुवारीत आग अडवणारी जाळरेषा साफ झाली नाही, तर मोहाखालचा पाचोळा पेटवल्यावर आग बीटच्या बीट खात जाते. तिथे माहिती केंद्राचा काय उपयोग? रिक्त पदे, जाळरेषा, गस्त या निकषांत किमान गुण नसतील तर एकूण श्रेणी देऊच नये.

वाघ नसलेल्या जंगलांनाही ही तपासणी हवी. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, बाजारपेठाही आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला आणि पुढे क्षेत्र पुष्कळ कमी करावे लागले. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. हे अपयश गस्तीचे नव्हे, नियोजनाचे होते, आणि ते वेळीच कुणी जाहीरपणे मोजले नाही. वाघ नसलेल्या अभयारण्यांचेही मूल्यमापन ठरल्या वेळी व्हावे, नुसती टक्केवारी न देता प्रत्येक निकषाचे गुण कारणांसह मराठीत जाहीर व्हावेत, आणि त्या जंगलाच्या काठावरच्या ग्रामसभांना ते वाचून दाखवावेत. राज्याच्या वनखात्याकडे माझी एवढी मागणी आहे.