मिरजेचा तानपुरा : नादगुणाच्या घडणीचा इतिहास

तंतुवाद्याचा नाद तारेत जन्मतो. त्याचा गुण मात्र तार कोठे टेकते, कोठे छेडली जाते आणि तिचे कंपन कोठून टिपले जाते यावर बव्हंशी ठरतो. १९५१ साली अमेरिकेतील फेंडर कंपनीने आणलेल्या विजेच्या बेस गिटारमध्ये पोकळ लाकडी पेटीचे कार्य तारेखालील चुंबकीय पिकअपकडे गेले. पिकअपच्या माथ्यावर ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो, तो उपस्वर कानी जवळजवळ येतच नाही. नादगुण घडविण्याचा हाच प्रश्न मिरजेचे कारागीर त्याआधी सुमारे शतकभर कानसेने सोडवीत होते.

इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा शिकलगार समाजातील फरीदसाहेब सतारमेकर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाद्यनिर्मितीकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे गायक-वादकांचा मिरजेत राबता होता. पुढे तेथे स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तर वाद्यांची दुरुस्ती स्वतःही करीत. तुनीचे लाकूड आणि पंढरपूर-मंगळवेढे परिसरातील कडू भोपळा ही या वाद्याची सामग्री. तथापि तानपुऱ्याचे खरे मर्म भोपळ्यात नसून घोडीवर आहे.

घोडीचा माथा वरकरणी सपाट, वस्तुतः किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करते आणि घोडी व तार यांमधील धागा केसभर सरकविला की हा स्पर्श बदलतो. हीच जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य नोंदविले. साधी तार मध्यावर छेडली असता ज्यांचा निस्पंद तेथे पडतो ते सम उपस्वर उमटू नयेत. तानपुऱ्यात ते स्पष्ट उमटतात. ज्या नियमाला बेस गिटारची तार बांधलेली आहे, तो येथे घोडीच मोडते. खर्जाच्या जाड तारेत हा उपस्वरांचा पिसारा विशेष भरदार वाटतो, याचेही कारण तेच.

मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होते. जवारी लावणाऱ्या कानाचे होतेच असे नाही. तारेच्या घर्षणाने घोडी झिजते, नाद बोथट होतो आणि वाद्य पुन्हा कारागिराच्या हाती येते. नवशिक्याची कानस तयार होते ती अशाच जुन्या घोड्यांवर. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला घोडी नाही, म्हणून झीजही नाही.