रेशनच्या वहीत पहिला रकाना कुणाचा?

कासारसाई-दारुंब्रेच्या संत तुकाराम कारखान्याचं गाळप सुरू होतं, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रानात कोप्या पडतात. कार्ड मराठवाड्यातल्या गावात आणि माणसं मुळशीत. मग रेशन घ्यायचं कुठं? आज उत्तर सोपं आहे: जवळच्या दुकानात अंगठा लावा. पण या उत्तराला पंच्याहत्तर वर्षं लागली, आणि उशिराचं एक मोठं कारण म्हणजे रेशनच्या वहीची आखणी. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून आज जरा लांबण लावतोय.

मागे जाऊ. 1942 साली जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ थांबला. 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. सरकारपुढचा पहिला प्रश्न होता, कुठल्या दुकानाला किती पोती पाठवायची? म्हणून प्रत्येक कुटुंब एका ठरावीक दुकानाला जोडलं. वहीत वर दुकान, दुकानाखाली कार्ड, कार्डाखाली माणसं. माणसांना तर शब्दही 'युनिट'. त्या काळाला ही आखणी योग्यच होती, पोती मोजायची तर दुकान वर हवंच. आपल्याकडची म्हातारी माणसं अजून रेशन दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात, तो शब्द त्याच काळातला.

पुढे कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांच्यातही माहिती अशीच भरली जायची. 1960 च्या दशकात अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची यादी ठेवायला आयबीएम कंपनीने आयएमएस नावाची प्रणाली उभी केली. तिची रचना वंशावळीसारखी: वर मोठा भाग, त्याखाली लहान, त्याखाली नट-बोल्ट. यानाला ते शोभतं. बोल्ट काही सहा महिने दुसऱ्या यानात ऊस तोडायला जात नाही!

1970 मध्ये आयबीएममधल्याच एडगर कॉडने वेगळी मांडणी सुचवली. कुणी कुणाच्या पोटात नको. किराणा दुकानाचंच उदाहरण घ्या. गिऱ्हाइकांची एक यादी, मालाची दुसरी, आणि विक्रीची तिसरी. विक्रीच्या प्रत्येक ओळीत फक्त नंबर: कुठलं गिऱ्हाईक, कुठला माल, किती, कधी. गिऱ्हाईक शेजारच्या गावात राहायला गेलं तरी जुनी खरेदी हरवत नाही, आणि मालाचं नाव दहा ठिकाणी खोडावं लागत नाही.

रेशनला हे वळण फार उशिरा मिळालं. 1 मे 1999 ला महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी अशी तिरंगी कार्डं आली. रंग बदलले, पण कार्ड दुकानालाच बांधलेलं राहिलं. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो ठरले. मग दुकानांत अंगठ्याची मशीन बसली. 9 ऑगस्ट 2019 ला महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांत एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालू लागलं. जून 2022 मध्ये आसाम आलं आणि देश पूर्ण झाला. मधे 2020 चा लॉकडाऊन गेला. तेव्हा रस्त्याने चालत निघालेल्या लोकांपैकी कितीतरी जणांचं कार्ड गावच्या दुकानात होतं, हे विसरू नका.

आता उचलीची ओळ वेगळी पडते: कार्ड अमुक, दुकान तमुक, महिना, किलो. त्यामुळे चार माणसांच्या कार्डावरचे 20 किलो वाटूनही घेता येतात. नवरा-बायको इथे 10 उचलतात, बाकीचे 10 गावाकडे आजी आणि नातू. जुन्या वहीत हे अशक्य होतं. (गंमत बघा, मुकादमाच्या वहीत 'उचल' म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती 'कोयत्या'वर, म्हणजे जोडप्यावर. तिथेही एकटा माणूस कुठे नाही.)

दुकान खाली उतरलं, पण कार्ड अजून माणसाच्या वर बसलेलं आहे. अंत्योदय कार्डाला 35 किलो, घरात एकटी म्हातारी असो की नऊ जण. आणि खरी गाठ पडते ती सुनेची. माहेरच्या कार्डातून नाव कमी करा, दाखला घ्या, सासरच्या कार्डात चढवा. या दोन कामांच्या मधल्या काळात ती बाई कुठल्याच वहीत नसते. त्याच कायद्याने घरातल्या सर्वांत मोठ्या, 18 वर्षांवरच्या बाईला कुटुंबप्रमुख केलंय!

कार्ड रद्द करून सगळं माणशी करा असं मी म्हणत नाही. आज घरातला कुणीही एक जण अंगठा लावून सगळ्यांचं धान्य आणतो. प्रत्येकाचा अंगठा मागितला तर अंथरुणाला खिळलेले उपाशी राहतील. पण माणसाची ओळ स्वतंत्र असावी, आणि ती कुठल्या तारखेपासून कुठल्या कार्डात आहे एवढंच बदलावं. नाव खोडायचं कशाला? आपल्या सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव कंसात जातं, शेजारी फेरफार नंबर पडतो, जमीन एक दिवसही बिनमालकाची राहत नाही. जमिनीला जे मिळतं ते माणसाला द्यायला अवघड काय आहे? हाकेच्या अंतरावर हिंजवडी आहे, जगाच्या खरेदीच्या वह्या तिथे आखल्या जातात.

ज्यांच्या घरी अलीकडे सून आलीये, त्यांनी दोन तारखा कळवा: माहेरी नाव कधी कमी झालं, सासरी कधी चढलं. नाव-गाव जाहीर करणार नाही. मधले महिने मोजून यादी तालुक्याच्या पुरवठा शाखेत देणार आहे.