अमेरिकेच्या शासनाविषयीची संदर्भसाधने

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संघीय शासनाच्या अभ्यासासाठी उपयोगी पडणारे कायदे, काँग्रेसच्या कामकाजाचे वृत्तांत, शासकीय नियम, न्यायनिर्णय, अहवाल व अभिलेख यांचा समावेश अमेरिकेच्या शासनाविषयीच्या संदर्भसाधनांत होतो. ही साधने ग्रंथालये, अभिलेखागारे आणि शासकीय संकेतस्थळे यांतून उपलब्ध होतात. त्यांतील बहुतेक विनामूल्य आहेत. संघीय कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर अमेरिकेत प्रताधिकार नसतो.

पार्श्वभूमी

शासकीय दस्तऐवज जनतेला सहज सापडले पाहिजेत, हे तत्त्व अमेरिकेत टप्प्याटप्प्याने रूढ झाले. १९३० च्या दशकापर्यंत संघीय कायदे छापून प्रसिद्ध होत. परंतु राष्ट्राध्यक्षांचे आदेश व विविध खात्यांचे नियम एकत्रितपणे कोठेही मिळत नसत. या व्यवस्थेतील दोष ‘पनामा रिफायनिंग कंपनी विरुद्ध रायन’ या खटल्यात उघड झाला. खनिज तेलाच्या उत्पादनावरील निर्बंधांची एक दंडनीय तरतूद १९३३ मधील दुरुस्तीच्या वेळी अनवधानाने वगळली गेली होती. मात्र सरकारी अधिकारी, तेल उत्पादक व खालची न्यायालये यांपैकी कोणालाही त्याची कल्पना नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९३५ मध्ये या खटल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्यानुसार १९३६ पासून ‘फेडरल रजिस्टर’ हे शासकीय राजपत्र प्रसिद्ध होऊ लागले.

निक्षेप ग्रंथालये

शासकीय प्रकाशने देशभरातील निवडक ग्रंथालयांत विनामूल्य ठेवण्याच्या पद्धतीचा उगम १८१३ मधील काँग्रेसच्या ठरावात आहे. अशा ग्रंथालयांना निक्षेप ग्रंथालये म्हणतात. १९६२ च्या कायद्याने प्रादेशिक निक्षेप ग्रंथालयांची तरतूद केली. ही ग्रंथालये प्रकाशनांचा संपूर्ण संच कायमस्वरूपी जतन करतात, तर इतर निक्षेप ग्रंथालये आपल्या गरजेनुसार निवड करतात. निक्षेप ग्रंथालय एखाद्या विद्यापीठात असले, तरी हा संग्रह सर्वसामान्य वाचकांना खुला ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असते. १८६१ मध्ये सुरू झालेले शासकीय मुद्रणालय ही योजना चालवते. २०१४ पासून त्याचे नाव ‘गव्हर्नमेंट पब्लिशिंग ऑफिस’ असे आहे. ‘गव्हइन्फो’ हे त्याचे संकेतस्थळ होय.

विधिमंडळाची साधने

काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील चर्चा १८७३ पासून ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’मध्ये छापल्या जातात. सदस्यांना आपल्या भाषणात नंतर सुधारणा करण्याची व भर घालण्याची मुभा असते. त्यामुळे हा वृत्तांत शब्दशः झालेल्या भाषणांचा आहे असे मानता येत नाही. समित्यांचे अहवाल १८१७ पासूनच्या ‘सीरियल सेट’ या ग्रंथमालेत आढळतात. विधेयकांची सद्यःस्थिती ‘काँग्रेस डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर पाहता येते.

एकच कायदा तीन रूपांत आढळतो. उदाहरणार्थ, १९६६ चा माहिती स्वातंत्र्य कायदा ‘सार्वजनिक कायदा ८९-४८७’ या क्रमांकाने ओळखला जातो. यातील ८९ हा आकडा काँग्रेसचा क्रम दर्शवतो. कालक्रमानुसार रचलेल्या ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’मध्ये तो ८० व्या खंडात आहे. विषयवार रचलेल्या ‘युनायटेड स्टेट्स कोड’मध्ये माहिती स्वातंत्र्याची तरतूद ५ व्या विभागातील कलम ५५२ मध्ये आढळते. कायदा संमत झाला तेव्हाचा मजकूर हवा असल्यास पहिली दोन रूपे पाहावी लागतात, तर दुरुस्त्यांसह प्रचलित मजकुरासाठी तिसरे रूप उपयोगी पडते.

काँग्रेसच्या ग्रंथालयातील संशोधन सेवेची स्थापना १९१४ मध्ये झाली. तिचे अहवाल २०१८ पासून जनतेसाठी अधिकृतपणे खुले आहेत. विषयाची प्राथमिक ओळख करून घेण्यास ते सोयीचे ठरतात.

कार्यकारी व न्यायशाखेची साधने

‘फेडरल रजिस्टर’मध्ये प्रस्तावित व अंतिम असे दोन्ही प्रकारचे नियम येतात. लागू असलेले नियम ‘कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्स’मध्ये विषयवार संकलित केले जातात. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय ‘युनायटेड स्टेट्स रिपोर्ट्स’मध्ये छापले जातात आणि न्यायालयाच्या संकेतस्थळावरही विनामूल्य मिळतात. मात्र खालच्या संघीय न्यायालयांतील कागदपत्रांसाठी ‘पेसर’ या प्रणालीवर सामान्यतः पानामागे १० सेंट आकारले जातात.

अभिलेख आणि माहितीचा अधिकार

राष्ट्रीय अभिलेखागाराची स्थापना १९३४ मध्ये झाली. राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांची ग्रंथालये त्याच्याच अखत्यारीत आहेत. परराष्ट्र खात्याची ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही दस्तऐवजमाला १८६१ पासून प्रसिद्ध होत आहे. तिचा १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगावरील खंड २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळातील निक्सन प्रशासनाचे भारतविषयक धोरण अभ्यासणाऱ्यांसाठी तो महत्त्वाचा आहे.

अप्रकाशित कागदपत्रांसाठी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करता येतो. भारताच्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हा हक्क नागरिकांपुरता दिला आहे. अमेरिकी कायद्याखाली मात्र परदेशी व्यक्तीही सामान्यतः अर्ज करू शकते. काँग्रेस व न्यायालये या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत.

मर्यादा

शासकीय संकेतस्थळांवरील मजकूर कायम राहीलच असे नाही. प्रशासन बदलल्यावर अनेक पाने बदलतात किंवा काढून टाकली जातात. त्यांच्या प्रती जतन करण्यासाठी २००८ पासून काही ग्रंथालये व संस्था मिळून राष्ट्राध्यक्षांच्या प्रत्येक कार्यकाळाच्या अखेरीस ‘एंड ऑफ टर्म वेब आर्काइव्ह’ हा उपक्रम राबवतात. अशा पानाचा आधार घेताना ते पाहिल्याची तारीख नोंदवणे आणि शक्य असल्यास जतन केलेल्या किंवा छापील प्रतीशी मजकूर ताडून पाहणे आवश्यक ठरते.